नाव बदलावे, पण नोंद ठेवून

नावावाचून वस्तू असू शकते. परंतु नावावाचून ती सापडत नाही. कोठीच्या खोलीत एकाच आकाराचे वीस डबे ओळीने मांडलेले असावेत आणि एकावरही चिठ्ठी नसावी, म्हणजे मीठ शोधणाऱ्या हाताला साखर लागते. जी माउली ते डबे नुसत्या नजरेने ओळखते, ती चार दिवस माहेरी गेली की घराचा सारा कारभार अडतो. आज हाच प्रकार कोठीतून निघून आमच्या संगणकांत आणि भ्रमणध्वनींत शिरला आहे. लग्नमुंजींची, जत्रांची, सहलींची, शाळेच्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे घरोघर शेकड्यांनी साठली आहेत. जुने अल्बम व जीर्ण कागदपत्रे यंत्राने टिपून तीही त्यांत भरली जात आहेत. परंतु त्यांपैकी कोणते कशाचे, हे सांगणारी चिठ्ठी त्यांवर नाही.

कॅमेरा प्रत्येक छायाचित्राला काहीतरी नाव देतो, हे खरे. १९९८ साली जपानमध्ये कॅमेऱ्यांसाठी असा नियम ठरला की, नावात आधी चार खुणा असाव्यात व पुढे चार आकडी क्रमांक असावा. 'आयएमजी' किंवा 'डीएससी' या आद्याक्षरांची जी नावे आपण नेहमी पाहतो, ती या नियमाची लेकरे होत. हा क्रमांक ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातो आणि तेथून पुन्हा ०००१ वर येतो. म्हणजे काही वर्षांनी एकाच कॅमेऱ्यातील दोन भिन्न छायाचित्रांना एकच नाव मिळते. दोन घरचे दोन कॅमेरे असतील तर ते त्याच दिवशीही मिळू शकते. यंत्राचे काम या नावाने भागते. माणसाचे भागत नाही. 'शून्य चार सात एक' या नावात आजोबा कोठे आहेत, जत्रा कोणत्या गावची आहे आणि वर्ष कोणते, यांपैकी काहीच नाही.

तेव्हा नावे बदलली पाहिजेत, याविषयी दुमत नसावे. प्रश्न आहे तो कशी बदलावीत हा. एकेक नाव हाताने बदलू म्हटले, तर चाळिसाव्या चित्रापर्यंत हुरूप टिकतो आणि चारशेव्यापर्यंत चुका होतात. एका कळीसरशी सर्व नावे बदलून देणारी तयार साधने आहेत. परंतु त्यांच्या भरवशावर आत काय घडणार हे न पाहताच कळ दाबली जाते. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. सर्व नावांची यादी साध्या मजकुराच्या रूपाने आपल्यासमोर मांडावी, ती वाचावी, तपासावी, सुधारावी आणि मगच त्या यादीबरहुकूम संगणकाकडून काम करून घ्यावे. हा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांनी शिकावा आणि जुनी नावे व नवी नावे यांची जोडयादी कधीही टाकून देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते का, हे येथे थोड्या विस्ताराने सांगावयाचे आहे.

प्रथम साधनांची ओळख करून घेऊ. टेक्स्ट एडिटर म्हणजे अक्षरांखेरीज दुसरे काहीही न साठविणारी वही. तीत रंग, ठळकपणा, सजावट असे काही नसते. म्हणून ती कोणत्याही संगणकावर, कित्येक वर्षांनंतरही उघडते. शेल म्हणजे संगणकाशी लेखी बोलण्याची जागा. तेथे चित्रावर टिचकी मारावयाची नसून आज्ञा लिहावयाची असते. अशा आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की तिला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकातील पात्रांनी संहितेप्रमाणे बोलावे, तसा संगणक या स्क्रिप्टप्रमाणे ओळीमागून ओळ करीत जातो. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा पाया घातला, आणि तेथे ही पद्धत वाढीस लागली. प्रत्येक साधनाने एकच काम करावे, पण चोख करावे, आणि एकाचे फलित दुसऱ्याच्या हाती द्यावे, अशी त्या मंडळींची दृष्टी होती. आमच्याकडील लग्नघरात एकीने नारळ खोवावा, दुसरीने वाटण वाटावे, तिसरीने फोडणी द्यावी, तसेच हे. १९९१ साली जन्मास आलेल्या लिनक्सने हीच रीत उचलली आणि आज ती कोणालाही मोफत उपलब्ध आहे.

कामाची रीत सोपी आहे. फोल्डरमधील सर्व फाइलींची नावे संगणकाकडून एका मजकुरात उतरवून घ्यावयाची, एका ओळीत एक. त्या मजकुरात प्रत्येक जुन्या नावासमोर नवे नाव लिहावयाचे. मग प्रत्येक ओळीच्या आरंभी नाव बदलण्याची आज्ञा जोडावयाची. लिनक्समध्ये ती 'एमव्ही' अशा दोन अक्षरांची आहे; हलविणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप होय. चारशे ओळींच्या आरंभी तीच अक्षरे घालावयास एडिटरला क्षण पुरतो. उदाहरणार्थ, डावीकडे 'आयएमजी_०४७१' आणि उजवीकडे '१९९८_डिचोली_शिरगाव_लईराई-जत्रा_०१' अशी ओळ तयार होते. नावाच्या अखेरीस टिंबापुढे 'जेपीजी' अशी जी शेपटी असते, ती मात्र जशीच्या तशी ठेवावी. ती कापली तर फाइल कोणत्या जातीची हे पुष्कळ संगणकांना ओळखता येत नाही. शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता जोडरेघ किंवा अधोरेघ घालावी. शेलला मोकळी जागा म्हणजे शब्दाची हद्द वाटते आणि अवतरणचिन्हांत न घातलेल्या एका नावाची तो दोन नावे समजतो.

येथवर जे सांगितले ते जगाच्या पाठीवर कोठेही सारखेच. परंतु पेडणे आणि डिचोली या आमच्या तालुक्यांत नावांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण येथे एका गावाला एक नाव नाही. ज्याला मराठीत डिचोली म्हणतात, तेच कोकणीत दिवचल आणि कचेरीच्या रोमन अक्षरांत बिचोलिम. पेडण्याचे पेर्नेम होते, साखळीचे सांकेलिम, हरमलचे आरांबोल, नार्व्याचे नारोआ, तेरेखोलचे तिराकोल. हा प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी त्या अमलातून मुक्त झाला. परंतु मधल्या काळात गावांची नावे ज्या वळणाने कागदावर चढली, ते वळण कागदावरून अद्याप उतरलेले नाही. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा 'एम' हा बहुधा नासिक्य उच्चाराची खूण असतो, आपल्या अनुस्वारासारखा. तो इंग्रजी पद्धतीने वाचला गेला आणि 'पेडणें' या उच्चारातील अनुस्वाराचा 'म' झाला. आता एका घरातील आजीने 'पेडण्याची पुनव' असे लिहिलेले, वडिलांनी इंग्रजीत 'पेर्नेम' लिहिलेले आणि नातीने आणखी तिसऱ्याच रीतीने लिहिलेले छायाचित्र एकाच उत्सवाचे असूनही तीन ठिकाणी विखुरते. एका गावाचेच काय, एका देवतेचे नावही लईराई, लइराई आणि लैराई असे तीन प्रकारे लिहिलेले आढळते. भक्तीला त्याने बाध येत नाही; शोधाला मात्र येतो.

याच्या नेमकी उलट अडचणही आहे. नाव एक आणि गावे अनेक! तेरेखोल नदीच्या मुखाजवळ पेडणे तालुक्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे आणि फोंड्यातही केरी आहे. सुर्ल डिचोलीत आहे, तसे सत्तरीतही आहे. नावेली डिचोलीतही आहे आणि सासष्टीतही. म्हणून छायाचित्रावर नुसते 'केरी' लिहून भागत नाही; तालुका आधी व गाव नंतर, असा क्रम पाळावा लागतो. हा नियम संगणकाने शिकविलेला नाही. टपालाच्या पाकिटावर पत्ता लिहिणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना तो पूर्वीपासून ठाऊक होता.

आता कोणी म्हणेल, की एडिटरमध्ये शोधून बदलण्याची सोय आहे. 'मये' असेल तेथे 'डिचोली_मये' घाल, म्हणजे काम झाले. येथेच यादी वाचण्याचे महत्त्व कळून येते. त्या सोयीला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. ती मये गावाबरोबर मयेकरांनाही धरते आणि एखाद्या सद्गृहस्थाचे आडनाव 'डिचोली_मयेकर' असे करून ठेवते. पेडणे आणि पेडणेकर, नार्वे आणि नार्वेकर यांचीही तीच गत. साखळीची तर गंमतच आहे. स्नेहसंमेलनात मुलांनी हातात हात घालून केलेल्या मानवी साखळीचे छायाचित्र असले, तर ते 'मानवी_डिचोली_साखळी' होऊन बसते! एडिटरला नियम अधिक काटेकोरपणे सांगता येतो. हा शब्द दोन अधोरेघांच्या मध्ये एकटा असेल तरच बदल, असे बजावता येते आणि मयेकरांची सुटका होते. मानवी साखळी मात्र तरीही अडकते, कारण तेथे साखळी हा शब्द एकटाच उभा आहे. ती सोडवावयास यादीवर नजर फिरविणारा माणूसच लागतो. नियम कितीही चांगला असला, तरी त्याच्या अपवादाची जाण नियमात नसते. ती नियम लावणाऱ्याच्या ठायी असावी लागते.

नाव कसे घडवावे, याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. संगणक नावांची मांडणी डावीकडून एकेक खूण पाहून करतो. म्हणून दिवस आधी, महिना नंतर व वर्ष शेवटी, या आपल्या नेहमीच्या पद्धतीने तारीख घातली, तर इतिहासाचा क्रम उलटापालटा होतो. '१६-०१-१९६७', '१९-१२-१९६१' आणि '३०-०५-१९८७' या तीन तारखा घ्या. पहिली जनमत कौलाची, दुसरी मुक्तीची आणि तिसरी गोवा घटकराज्य झाल्याची. संगणक त्या याच क्रमाने लावील आणि मुक्तीच्या आधीच जनमत कौल घेऊन मोकळा होईल! वर्ष, महिना, दिवस असे लिहिले की १९६१, १९६७, १९८७ हा खरा क्रम आपोआप लागतो. ज्या चित्राचा दिवस ठाऊक नाही, तेथे नुसते वर्ष लिहावे. अंदाजाने दिवस घालू नये. क्रमांकातही आधी शून्य द्यावे, म्हणजे १, १०, ११, २ अशी रांग न लागता ०१, ०२, १०, ११ अशी लागेल. देवनागरी आकडे घालावयाचे तर सर्वत्र देवनागरी घालावेत, इंग्रजी घालावयाचे तर सर्वत्र इंग्रजी. दोहोंची सरमिसळ केली तर एकाच वर्षाची चित्रे दोन वेगळ्या टोळक्यांत जाण्याचा संभव असतो.

मग ही नावे मराठीत लिहावीत काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे. एक काळ असा होता की, मराठी मजकूर विशिष्ट टंकावाचून वाचताच येत नसे. तो टंक नसलेल्या संगणकावर अक्षरांचा नुसता कचरा दिसे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, आणि हळूहळू ती अडचण दूर झाली. आज देवनागरी नाव संगणकाला परके नाही. मात्र त्याच्या काही मर्यादा जाणून असाव्यात. लिनक्सच्या नेहमीच्या साठवणीत एका नावाला २५५ बाइटांची हद्द असते. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी व हलन्त यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. 'विद्यार्थी' हा आपल्याला चिमुकला वाटणारा शब्द अशा रीतीने ३० बाइट खातो. तेव्हा नावात निबंध लिहू नये. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 'किनाऱ्यावर' या शब्दातील अर्धा 'ऱ' दोन वेगळ्या रीतींनी टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन भिन्न शब्द ठरतात. हरमल किनाऱ्यावरील सहलीची निम्मी चित्रे शोधात सापडली आणि निम्मी सापडली नाहीत, तर दोष चित्रांचा समजू नये. सर्व यादी एका मजकुरात असली म्हणजे अशी दुहेरी रूपे एकदम एकसारखी करता येतात. विखुरलेल्या नावांत ती लक्षातही येत नाहीत.

यादी सिद्ध झाली, तरी लगेच आज्ञा सोडू नये. जत्रेत नाटक उभे करण्यापूर्वी रंगीत तालीम होते, तशी येथेही व्हावी. मूळ फोल्डरची एक प्रत काढून बाजूस ठेवावी. नंतर नाव बदलण्याच्या आज्ञेऐवजी 'इको' ही आज्ञा घालून तीच स्क्रिप्ट चालवावी. ती काय होणार ते नुसते म्हणून दाखविते, करीत काही नाही. नव्या नावांची यादी वर्णानुक्रमे लावून एखादे नाव दोनदा आले आहे काय, हे पाहावे. 'सॉर्ट' व 'युनिक' ही दोन साधने एकापुढे एक जोडली की पुनरुक्ती क्षणात उघडी पडते. ही खबरदारी फार मोलाची आहे. कारण 'एमव्ही' ही आज्ञा मोठी मुकाट आहे. त्या नावाची दुसरी फाइल आधीच तेथे असली, तर ती न विचारता तिच्या जागी नवीन बसविते आणि जुनी कायमची नाहीशी होते. तिने आधी विचारावे किंवा जुन्यास हात लावू नये, असेही तिला बजावता येते, आणि ते नेहमी बजावावे. दोन फाइलींच्या नावांची अदलाबदल करावयाची असेल, तर तिसरे तात्पुरते नाव घ्यावे लागते. एका लोट्यात पाणी व एका लोट्यात ताक असले, तर तिसऱ्या भांड्यावाचून त्यांची अदलाबदल कोणास करता आली आहे?

आणि सर्वांत शेवटी, ती जोडयादी जपावी. डावीकडे जुने नाव व उजवीकडे नवे नाव, अशी ती असते. उद्या काही चुकले असे दिसून आले, तर दोन्ही रकाने उलट करून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालविली की सारे पूर्ववत् होते. परंतु तिचा उपयोग एवढ्यापुरताच नाही. एखाद्या नातेवाइकाकडे तेच छायाचित्र जुन्या क्रमांकाने असेल, एखाद्या वहीत त्याच क्रमांकाचा उल्लेख असेल. त्या सर्वांना नव्या नावापर्यंत नेणारा साकव ही यादी असते. तो मोडला की दोन तीर राहतात, पण ये-जा बंद पडते.

हे केवळ छायाचित्रांपुरते खरे आहे, असे नव्हे. गोव्याचे पुराभिलेखागार हे १५९५ साली दियोगु द कौतु यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या दप्तरखान्याचे आजचे रूप आहे. तेथे पोर्तुगीज कागदांबरोबर मोडी लिपीतील कागदही आहेत. एखाद्या कुटुंबातील तरुण आपल्या पणजोबांची जमिनीची नोंद शोधावयास निघाला आणि त्यास केवळ 'डिचोली' हे एकच नाव ठाऊक असले, तर 'बिचोलिम' या नावाखाली असलेला कागद त्याच्या हाताखालून निघून जाईल. कागद नष्ट झालेला नसतो. त्याच्यापर्यंत नेणारे नाव हरवलेले असते. आमच्या गावांची नावे आमच्या उच्चाराप्रमाणे लिहिली जावीत, असे आम्हांसही मनापासून वाटते. 'आरांबोल'पेक्षा 'हरमल' आम्हांस जवळचे आहे. तथापि जुने नाव खोडून टाकल्याने नव्याचा मान वाढत नाही. ते समासात लिहून ठेवणाराच उद्याच्या शोधकाचा दुवा घेतो.

या कामाचा अनुभव आम्ही वर्गातील मुलांकडून प्रत्यक्ष घेतला, तो येथे सांगण्याजोगा आहे. जुन्या संमेलनांची व सहलींची चारशेच्या आसपास छायाचित्रे यंत्राने टिपून झाली होती आणि सर्वांना निव्वळ क्रमांक होते. मुलांनी यादी उतरविली, पण उजवा रकाना भरावयाचा कोणी? संगणकाला ते चेहरे ठाऊक नव्हते आणि मुलांनाही नव्हते. तेव्हा यादी कागदावर छापून, चित्रांच्या लहान प्रतींसह, ती घरोघर नेण्यात आली. एका आजीबाईंनी चश्मा पुसून पहिल्या रांगेतील तिघींची नावे सांगितली, आणि चौथीच्या चेहऱ्याशी येऊन त्या बराच वेळ थांबल्या. ती त्यांची शेजारीण होती. लग्न होऊन घाटावर गेली, पुन्हा आली नाही. तिचे माहेरचे नाव गावात आता आणखी कोणालाही ठाऊक नव्हते. मुलाने ते यादीत लिहून घेतले. माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही. नावे बदलण्याच्या यादीत जुने व नवे असे दोन रकाने का ठेवावयाचे, हे त्या दिवसानंतर वर्गात निराळे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

म्हणूनच आम्ही यादीच्या पद्धतीचा एवढा आग्रह धरतो. चारशे नावे बदलावयास संगणकास एक क्षण लागतो. ती ठरवावयास आम्हांस दोन महिने लागले. हे दोन महिने वाया गेले असे ज्यास वाटते, त्याने कामाचा कोणता भाग यंत्राचा आणि कोणता माणसाचा, हे ओळखलेले नाही. कळ दाबून नावे बदलणाऱ्या साधनात आजीबाईंना शिरावयास जागा नसते. साध्या मजकुराची यादी मात्र छापता येते, हातात धरता येते, तीवर पेन्सिलीने खूण करता येते. जो संगणकाला कधी शिवला नाही, तोही तिच्यात भर घालू शकतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, आता कृत्रिम बुद्धीची साधने चित्र पाहून त्याचे वर्णन सांगतात. मग ही खटपट कशाला? ती साधने चित्रात मंदिर आहे, दीपमाळ आहे, माणसांची गर्दी आहे, हे सांगतील. मदत म्हणून ती अवश्य घ्यावीत. स्क्रिप्ट लिहून देण्यासही ती उपयोगी पडतात. परंतु त्यांनी सुचविलेले नाव खरे की खोटे, हे ज्यास तपासता येत नाही, तो त्या साधनाचा धनी नसून त्याचा ताबेदार होतो. आणि चौथ्या चेहऱ्याचे नाव त्यांना कोठून ठाऊक असणार?

दुसरा आक्षेप पालकांकडून येतो. हा इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा विषय आहे, मराठी शाळेतील मुलांनी त्यात पडू नये, असे काहींस वाटते. आम्हांस हे पटत नाही. गोव्यातील शाळांना संगणक नवा नाही. या शतकाच्या आरंभी परदेशात वापरलेले संगणक येथील कित्येक शाळांत आले आणि त्यांपैकी काहींवर लिनक्सही चालले. २०२१ पासून तर कोडिंग व रोबोटिक्स यांचे शिक्षण देण्याची शासकीय योजनाच सुरू झाली आहे. आज्ञांची इंग्रजी अक्षरे मोजकी आहेत. ती आठवड्यात पाठ होतात. यादी करणे, नियम शोधणे, अपवाद हेरणे, परतीची वाट राखणे, हा जो त्या विद्येचा गाभा, तो मराठीत उत्तम शिकविता येतो. ज्या मुलाने व्याकरणातील संधीचे नियम व त्यांचे अपवाद शिकले आहेत, त्याला हे अवघड का वाटावे? शिवाय आमच्या मुलाच्या घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत इंग्रजी, आणि पणजोबांच्या कागदांत पोर्तुगीज. एका वस्तूची अनेक नावे सांभाळण्याचा सराव त्याला जन्मापासूनच आहे. इतरांना जी अडचण वाटेल, ती त्याची मिळकत आहे.

तिसरा आक्षेप, मराठी नाव सर्वत्र चालत नाही, हा. काही जुन्या यंत्रणा अजूनही देवनागरी नाव स्वीकारीत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्यावर उपाय यादीतच आहे. तिसरा रकाना काढून तेथे रोमन नाव लिहावे आणि बाहेर पाठवावयाच्या प्रतींना तेवढे ते द्यावे. घरातील व शाळेतील मूळ संग्रहाचे नाव मात्र आपल्या अक्षरांत असावे.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटीत एवढेच करा. घरातील वीस छायाचित्रे निवडा. त्यांची प्रत काढा, यादी उतरवा, आणि ती घेऊन घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसा. वर्ष विचारा, गाव विचारा, डावीकडून उजवीकडे नावे विचारा. ज्याचे उत्तर मिळणार नाही, तो रकाना रिकामा ठेवा. खोटे नाव लिहिण्यापेक्षा रिकामी जागा बरी, कारण ती पुढे कोणीतरी भरील. मग यादी दोनदा वाचून स्क्रिप्ट चालवा. पालकहो, तुम्हांलाही विनंती आहे की, मूल संगणकापुढे बसलेले पाहून प्रत्येक वेळी ते खेळच खेळते आहे असे समजू नये. कदाचित ते तुमच्याच घरातील माणसांची नावे लिहून ठेवीत असेल. संगणक दहा वर्षांनीही त्यापुढे असेल. सांगणारी माणसे असतील असे नाही.